डावी भुवई

आमच्या दुकानात येणारा दर दुसरा माणूस चावी करायला आलेलाच नसतो. खिशातून कुठल्यातरी कपाटाची चावी काढून काउंटरवर ठेवतो, आणि नजर माझ्या डोक्यावरून मागच्या भिंतीवरच्या पोस्टरकडे. मग घसा खाकरून, "ताई, हेच ना ते दुकान?" हेच रे बाबा, हेच. तुमचा सिनेमातला हिरो ह्याच काउंटरमागे लहानाचा मोठा झाला, आणि मी त्याची बहीण. ह्याला चावी नको आहे, गोष्ट हवी आहे, हे मला तोंड बघूनच कळतं. मग मी सांगते.

पलीकडच्या गल्लीत आग लागली होती. दादा सतरा वर्षांचा. वरच्या मजल्यावर तान्हं बाळ अडकलेलं, सगळे खाली उभे राहून नुसते ओरडतायत, आणि हा पठ्ठ्या खिडकीची काच फोडून आत! बाळ सुखरूप बाहेर आलं, ह्याच्या भुवईत काच घुसली, आणि तिथे पुन्हा केस उगवले नाहीत. तीच ती जगप्रसिद्ध भुवई. बाळापाशी आल्यावर मी जरा थांबते. तिथे थांबलं की लोक डोळे पुसतात.

ह्यातलं एक अक्षर खरं नाही. आग नव्हती, बाळ नव्हतं, काच तर नव्हतीच. माझ्या भावाची भुवई माझ्या बापाने फोडली.

आता लगेच नाकं मुरडू नका. मी काही जुनी पापं धुवायला बसलेली नाही. मला गेल्या रविवारचं सांगायचं आहे, आणि मागचं सांगितल्याशिवाय ते कळणार नाही, म्हणून थोडं मागचं.

बाबांची एक सवय आहे, पहिल्यापासून. कुलूप हातात आलं की एक डोळा घट्ट मिटायचा, ओठ एका बाजूला ओढायचे आणि दुसऱ्या डोळ्याने कुलपाच्या भोकात असं बघायचं, जसं आत कोणी ओळखीचं राहतं. एक दिवस बाबा बाहेर गेले असताना दादाने काउंटरमागे उभं राहून त्यांची हुबेहूब नक्कल केली. डोळा मिटला, ओठ ओढले आणि कुलपाला दम भरला, "उघडतोस का बोलावू तुझ्या बापाला?" आई हसून हसून खाली बसली. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, ती हसली. मी तेव्हा एवढीशी, मला हसताना उचकी लागली. बाबा दारात कधीचे उभे होते कोणी पाहिलंच नाही. त्यांच्या हातात नमुन्याच्या चाव्यांचा जुडगा होता, लोखंडी कडीत ओवलेला, चांगला वजनदार. ओरडले नाहीत, काही नाही. सरळ आत आले आणि एकदाच हात फिरवला.

समोरासमोर उभे होते दोघं, आणि बाबांचा हात उजवा. त्यामुळे लागलं ते दादाच्या डाव्या भुवईला. हे डावं-उजवं नीट लक्षात ठेवा, सगळं रामायण त्याचंच आहे.

आईने फडकं दाबून धरलं. दादा एवढंच म्हणाला, "कोणी विचारलं तर पडलो म्हणून सांगा."  बाबांनी तो जुडगा मशीनमागच्या खिळ्याला अडकवला आणि पुन्हा कधी त्याला हात लावला नाही. अजून तिथेच आहे. चाहते त्याच्याबरोबर फोटो काढतात. "हिरोने हाताळलेल्या चाव्या," म्हणतात. मी फोटो काढून देते.

पुढे दादा स्टुडिओच्या दारात उभं राहून राहून एकदाचा आत गेला. पहिल्या सिनेमात मेकअपवाला रोज ती भुवई पेन्सिलीने भरून टाकायचा, की हिरो कसा अखंड दिसला पाहिजे. पण पोस्टरचा फोटो काढायच्या दिवशी मारामारीचा सीन होता, घामाने पेन्सिल वाहून गेली आणि फोटोग्राफरला ते फारच आवडलं. पोस्टर छापणाऱ्याला नावाची अक्षरं बसवायला एका बाजूला जागा हवी होती. त्याने फोटोची निगेटिव्ह पालथी घातली आणि मोकळा झाला. डावी भुवई झाली उजवी. शहरभर भिंतींवर माझा भाऊ उलटा लागला.

आणि पब्लिक वेडं झालं! सिनेमा बरा होता, पण भुवई सुपरहिट. न्हाव्यांकडे पोरांच्या रांगा, सगळ्यांना उजव्या भुवईत तो कट हवा. मग पुढच्या दोन सिनेमांना निर्माता म्हणाला, लोकांना जी भुवई माहीत आहे तीच दिसली पाहिजे. झालं! मेकअपवाला रोज सकाळी दादाची चांगली उजवी भुवई वस्तऱ्याने कापायचा आणि फुटलेली डावी पेन्सिलीने भरायचा. लागलं होतं ते झाकायचं आणि लागलंच नव्हतं ते दाखवायचं.

संध्याकाळी घरी आला की दादा बेसिनपाशी तोंड धुवायचा. साबणाने पेन्सिल निघून जायची आणि खरी खूण बाहेर यायची. बाबा मागे टॉवेल घेऊन उभे असायचे. एवढा मोठा नट झाला, पण टॉवेल द्यायचे ते बाबाच. आरशात दोघं एकमेकांना बघायचे आणि एक शब्द बोलायचे नाहीत. मला वाटायचं, आज बोलतील, उद्या बोलतील. चोविसाव्या वर्षी दादा साध्या तापाने गेला, आणि ते राहिलंच.

आगीची गोष्ट जाहिरातवाल्याने बनवली होती. दुकानात येऊन त्याने विचारलं होतं, भुवईला काय झालं? बाबांच्या तोंडचं पाणी पळालं. दादाच आतून म्हणाला, "लहानपणी पडलो." जाहिरातवाला म्हणाला, "पडून कसं चालेल? पडणाऱ्याचं तिकीट कोण काढणार?" आठवड्याने मासिकात आग, बाळ, काच सगळं छापून आलं. शेजारीपाजारी बाबांचं अभिनंदन करायला आले. पहिल्यांदा बाबा गप्प बसले, मग मान हलवायला लागले, आणि दादा गेल्यावर तर स्वतःच सांगायला लागले. ते थकले तेव्हा मी सांगायला लागले.

मेलेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ते काही उगीच नाही. माणूस गेला की तो कधी रागावलेला नसतो, कधी कोणाशी खोटं बोललेला नसतो. तिन्ही सिनेमे अजून कुठे ना कुठे लागतात. दुसऱ्या सिनेमात दादा एक डोळा मिटून, ओठ ओढून व्हिलनकडे बघतो, तिथे अजून शिट्ट्या पडतात. ती बाबांचीच नक्कल आहे. पहिल्यांदा थिएटरात ते पाहिलं तेव्हा बाबांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं होतं. पोराने चिडवलं की आठवण काढली, हे त्यांना कधी कळलं नाही. मलाही नाही.

तर, पुतळा.

आमच्या चौकात दादाचा पुतळा बसवायचं ठरलं. समितीचा अध्यक्ष चौकातलाच चष्म्याच्या दुकानाचा मालक, सगळे त्याला चष्मेवालाच म्हणतात. माणूस सज्जन, बोलायला गोड, फक्त समोरच्याचं ऐकून घ्यायची सवय नाही. तो आमंत्रण घेऊन आला आणि म्हणाला, "कापड बाबांच्या हस्ते काढायचं आणि बाबांनी दोन शब्द बोलायचे."

तो गेल्यावर बाबांनी चहाचा कप खाली ठेवला. "या वेळी खरं सांगणार आहे," म्हणाले.

"काय खरं?"

"मी मारलं ते."

माझ्या हातातली कानस खाली पडली. बाबा एकोणनव्वद वर्षांचे आहेत, ऐकायला कमी येतं, पण डोकं माझ्यापेक्षा शाबूत. मी म्हटलं, "बाबा, झाकली मूठ सव्वा लाखाची. इतकी वर्षं गेली. कोणाचं भलं होणार आहे?"

"मूठ माझी आहे," ते म्हणाले, "आणि आता दुखायला लागली आहे."

मी समजावलं, रागावले, लोक दुकानावर दगड मारतील म्हणाले, दादाचंच नाव खराब होईल म्हणाले. शेवटी मी रडले. तेव्हा ते म्हणाले, "पोरी, त्याला मी कधी म्हटलं नाही. त्याच्या पुतळ्याला तरी म्हणू दे. चार माणसांनी ऐकलं की मला सुटल्यासारखं होईल. बाकी काही नको." मी म्हटलं, फक्त आभार माना आणि खाली बसा. ते गप्प राहिले. त्या गप्प राहण्याला मी होकार समजले, कारण मला तसं समजायचं होतं.

रविवारी चौक भरून गेला. चारही कोपऱ्यांवर स्पीकर. पुढच्या रांगेत तरणी पोरं, एकजात उजव्या भुवईत कट. दादा गेला तेव्हा ह्यांचे बापही शाळेत असतील. बाबांना मी नवा शर्ट घातला होता, हाताला धरून वर नेलं. चष्मेवाल्याने त्यांच्या हातात माईक दिला, बाबांनी दोरी ओढली, कापड सरकलं. टाळ्याच टाळ्या. खोटं कशाला बोलू, पुतळा छान होता. मानेची ऐट, हसताना एकीकडे जाणारा ओठ, सगळं दादाचं. 

बाबांनी एक डोळा मिटला. ओठ ओढले. कुलपाकडे बघतात तसे पुतळ्याकडे बघत राहिले. लोकांना वाटलं, ते पोराची ती प्रसिद्ध अदा करून दाखवतायत. पोरांनी शिट्ट्या मारल्या.

"उलटं आहे," बाबा म्हणाले.

शिल्पकार पुढे झाला. तरुण, नम्र मुलगा. "काय उलटं आहे, आजोबा?"

"भुवई. डावी पाहिजे."

"आजोबा, पोस्टर समोर ठेवूनच केलं आहे. पुढचे दोन्ही सिनेमे दहादा पाहिले. उजवीच आहे."

पुढच्या रांगेतून हसू आलं, प्रेमाचंच, म्हाताऱ्या माणसाला हसतात तसं. चष्मेवाला माझ्याकडे बघून डोळ्यांनीच म्हणाला, असू दे, वय झालं. आणि मी... मला माहीत होतं की त्या अख्ख्या चौकात बरोबर बोलणारा एकच माणूस आहे. जन्मभर चाव्या कापलेला माणूस. चावी पकडीत उलटी धरली तर दिसायला हुबेहूब तशीच होते आणि कुलूप उघडत नाही, हे ज्याने मला शिकवलं तो. मी जागची हलले नाही.

"मला सांगतोस?" बाबांचा आवाज चढला. "अरे, मी मारलंय तिथे!"

माईक चालू होता. चारही कोपऱ्यांतून त्यांचा आवाज आला. मी मारलंय तिथे.

 बाबा आता पुतळ्याकडे बघून बोलत होते, आम्हा कोणाकडे नाही. "आग कुठली नि काय. चाव्यांचा जुडगा होता. तू माझी नक्कल केलीस, लोक हसले, आणि मला लाज वाटली. पोरगा एवढं चांगलं करतोय हे दिसलंच नाही रे मला. हसतायत एवढंच दिसलं. म्हणून मारलं. मी..."

पुढे काय म्हणणार होते ते मला माहीत आहे. पुढचा एकच शब्द राहिला होता. पण मी लोकांची तोंडं बघत होते. आ वासलेली. एका बाईने आपल्या मुलाला जवळ ओढलं. मला वाटलं, धरणी दुभंगेल तर बरं. आता दुकान, पोस्टर, मी सांगितलेली ती आग, ते बाळ, सगळं उघडं पडणार, आणि उद्यापासून मी कोणत्या तोंडाने काउंटरमागे बसू? मी पुढे झाले आणि बाबांच्या हातातून माईक घेतला. हळूच घेतला, लेकीने घ्यावा तसा.

"माझ्या बाबांना समजून घ्या," मी म्हणाले. माझा आवाज किती गोड लागत होता! "दादा गेल्यापासून त्यांना असंच होतं. म्हणतात, त्याला ताप आला तो माझ्यामुळे, तो गेला तो माझ्यामुळे, भुवई फुटली ती माझ्यामुळे. बापाचं काळीज आहे. लेकराला खरचटलं तरी बाप म्हणतो, दोष माझा."

आणि मग मी थांबले. बाळापाशी थांबते तशी.

टाळ्या कडाडल्या. लोक रडत होते हो! मघाची ती बाई ओक्साबोक्शी रडत होती. चष्मेवाल्याने चष्मा काढून पुसला. पोरं वर चढली, बाबांचा हात हातात घ्यायला झुंबड उडाली. बाबा प्रत्येकाला सांगत होते, "नाही हो, खरंच मारलं मी," आणि लोक आणखी रडत होते. जितकं सांगतील तितके ते थोर होत होते. पालथ्या घड्यावर पाणी.

मधेच त्यांनी गर्दीतून माझ्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर मी सोसलं असतं. त्यांना लाज वाटत होती, आणि ती माझी वाटत होती.

घरी आल्यावर त्यांनी बेसिनपाशी तोंड धुतलं. मी टॉवेल घेऊन गेले. त्यांनी नव्या शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपले. थोड्या वेळाने चष्मेवाल्याचा फोन आला. म्हणाला, पुतळ्याखाली बाबांचे शब्द कोरायचं समितीने ठरवलं आहे. "दोष माझा. खाली, एका पित्याचे उद्गार. कसं वाटतं, ताई?" मी म्हटलं, बघू.

सोमवारी सकाळी बाबा दुकानात आले, कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले, माझ्याशी बोलले नाहीत. नेहमी मशीनमधल्या चावीवर लक्ष ठेवून असतात, तेही नाही. तेवढ्यात एक तरणा माणूस आला. गॅरेजमध्ये काम करणारा असावा, नखांत ग्रीस. उजव्या भुवईत कट. मी म्हटलं, आली स्वारी, आता गोष्ट. पण त्याने खरोखरच चावी पुढे केली, घराच्या दाराची. "ह्याची एक करून द्या."

मी कोरी चावी पकडीत घट्ट केली, मशीन चालू केलं. तो बाबांकडे वळला.

"आजोबा, काल मी होतो चौकात. झोपलो नाही बघा. माझं आणि माझ्या बापाचं वाकडं होतं. दोन वर्षं गॅरेजमध्येच झोपतोय. काल तुमचं ऐकलं आणि वाटलं, बाप म्हणजे असा असतो, सगळं स्वतःच्या अंगावर घेतो. आपणच चुकलो असू. म्हणून आज पहाटे घरी गेलो." त्याने माझ्या मशीनकडे बोट दाखवलं. "त्याचीच चावी. म्हणाला, करून घे आणि ये राहायला."

"वाकडं कशावरून होतं?" बाबांनी विचारलं.

तो हसला, कसंनुसं. "काही नाही. हात जरा सैल आहे त्याचा." आणि बोलता बोलता त्याने शर्टाची कॉलर सारखी केली. मानेवर, कानाखालपासून आत जाणारा एक लांब, पांढरट व्रण होता. तो काही न्हाव्याने केलेला नव्हता.

बाबांनी पाहिला. मीही पाहिला.  माईक हातात घेताना मी सगळ्यांचा विचार केला होता. दुकानाचा, दादाच्या नावाचा, स्वतःच्या तोंडाचा. ऐकणाऱ्यांत कोणी असा असेल हे काही डोक्यात आलं नव्हतं.

"तो काय म्हणाला तुला?" बाबा म्हणाले. "तुझा बाप. आज पहाटे. चुकलं म्हणाला?"

"छे! तो कशाला म्हणेल? मीच म्हटलं."

बाबा खुर्चीवरून उठले. त्यांना उठायला वेळ लागतो, पण मी हात दिला नाही, माझी हिंमतच झाली नाही. ते खिळ्यापाशी गेले आणि इतक्या वर्षांनी तो जुडगा खाली काढून काउंटरवर ठेवला. जुडग्याच्या जागी भिंतीवर गोल, स्वच्छ डाग राहिला होता.

"ह्याने मारलं मी त्याला," बाबा म्हणाले. "खरोखर मारलं. हे काळीज-बिळीज काही नाही."

पोरगा हसायला लागला. "आजोबा, तुम्ही पण ना..." मग त्याने माझ्याकडे बघितलं, काल सगळ्यांनी बघितलं तसं, आता मी काहीतरी गोड बोलेन म्हणून. बाबांनीही माझ्याकडे बघितलं.

"सांग त्याला," ते म्हणाले.

मी मशीन बंद केलं. माझे कान तापले होते, तोंड तापलं होतं, नजर वर करवेना. काउंटरकडे बघतच बोलले. "मारलं होतं. डाव्या भुवईवर. मी इथेच होते, ह्याच दुकानात. आग कधी लागलीच नाही. काल बाबा खरं बोलत होते आणि मी त्यांना सगळ्यांसमोर खोटं पाडलं, कारण मला लाज वाटली. तू ऐकलंस ते माझं ऐकलंस. त्यांचं नाही."

पोराच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. त्याने त्या जुडग्याला बोट लावून पाहिलं. मग बाबांना म्हणाला, "मग त्याने माफ केलं तुम्हाला?"

"मी मागितलीच नाही," बाबा म्हणाले. "तो तोंड धुवायचा, मी टॉवेल द्यायचो. मला वाटायचं, ह्यातच आलं सगळं." त्यांनी मान हलवली. "त्यात काही येत नाही रे. बोलावं लागतं. आणि ज्याने मारलं त्याने आधी बोलायचं असतं. तू का बोललास?"

मशीनच्या पकडीत चावी अर्धी कापून झाली होती. तीन खाचा पडल्या होत्या, दोन राहिल्या होत्या. मी विचारलं, "पूर्ण करू?"

त्याने अर्ध्या चावीकडे बघितलं. "मूळची द्या परत," म्हणाला. "आधी त्याला विचारतो." चावी खिशात घातली आणि गेला. कुठे गेला, बापाकडे की गॅरेजकडे, मला माहीत नाही. अर्धी चावी मी काढली नाही, अजून पकडीतच आहे.

मग मी चष्मेवाल्याला फोन लावला. बाबांनाही ऐकू यावं म्हणून काउंटरवर ठेवून स्पीकर लावला. चष्मेवाला म्हणाला, "बोला ताई, कोरायला देऊ ना?"

"कोरू नका," मी म्हणाले. "काल मी खोटं बोलले. बाबा म्हणाले ते खरं. त्यांनीच मारलं, आणि भुवई डावीच. आगीची गोष्ट बनवलेली आहे, आणि बाबा थकल्यापासून ती मीच सांगत आले आहे. दोष कोणाचा लिहायचाच असेल तर माझा लिहा."

 मी डोळे मिटून घेतले. शिव्या देईल, पेपरात छापेल, पुतळा उतरवेल, जे होईल ते होवो.

"ताई," चष्मेवाल्याचा आवाज भरून आला होता. "काय बोलू मी? अहो, बापाला कोणी हसू नये म्हणून लेक सगळं स्वतःवर घेते! तुमच्या घरातच आहे हे. मी समितीला सांगतो. तुमचेही शब्द कोरू या खाली."

"अहो, नाही, खरंच..." मी म्हणाले.

"बस, बस, ताई. आणखी रडवू नका."

फोन बंद झाला. बाबांनी सगळं ऐकलं होतं.

"आता कळलं?" ते म्हणाले.

"कळलं," मी म्हटलं. काल गर्दीत एकेकाचा हात धरून "खरंच मारलं मी" म्हणणारे बाबा मला पहिल्यांदाच नीट दिसले, आणि मला माझीच लाज वाटली.

जुडग्याचा गंज बाबांच्या हातांना लागला होता. ते आत बेसिनपाशी गेले. हात धुतले, तोंड धुतलं. मी टॉवेल घेऊन मागे उभी राहिले. नुसत्या टॉवेलात काही येत नाही हे मघाशीच ऐकलं होतं. म्हणून आधी बोलले, "बाबा, चुकलं माझं."

ओल्या तोंडाने त्यांनी आरशातून माझ्याकडे बघितलं. मग न वळताच टॉवेलसाठी हात मागे केला.